एकट्याचा अल्बम, दोघांची रिक्षा

दहा डिसेंबर. सोनपेठ, बाजाराचा दिवस, सकाळची वेळ.

हजर: भास्कर साळवे, रॅपर, वय पन्नाशीच्या अलीकडे. आमेर, त्याचा जुना जोडीदार आणि रिक्षाचा मालक. कौसाबाई, भास्करची आई, लिंबाखाली लसूण आणि वाळल्या मिरच्या घेऊन बसलेल्या. मी, अनुराधा, परभणीच्या जाहिरात ऑफिसातर्फे. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे. बाकी सगळा बाजार.

गैरहजर: भास्करची बायको संगीता. तिचा निरोप होता, "घरात पाठ होईस्तोवर ऐकलंय. मला माफ करा."

कार्यक्रम: भास्करच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमचं प्रकाशन. अल्बमचं नाव 'विक्रीला न्हाई'.

प्रत्येक कामाची अशी नोंद करून ती फाईलला लावली की माझ्यापुरतं ते काम संपतं. हे संपलं नाही, म्हणून लिहायला बसले.

स्टेशन रोडला माझं छोटं ऑफिस आहे. रिक्षावर कर्णा बांधून गावोगाव जी जाहिरात फिरते, ती आम्ही करतो. साड्यांचा सेल, डोळे तपासणी, खताचा नवा माल, हरवलेली जनावरं. मजकूर मी लिहायचे, भास्कर बोलायचा, आमेर रिक्षा फिरवायचा. वीसेक वर्षं हे असं चाललं. भास्करचा चेहरा फार जणांना ठाऊक नव्हता, पण आवाज जिल्ह्यातल्या पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक होता. काही घरांत तर तो आवाज आला की लेकरं जेवायची, कारण आयांनी त्यांना सांगितलं होतं की हा माणूस न जेवणाऱ्यांना रिक्षात घालून नेतो.

मी लिहिलेला पहिला मजकूर त्याने वाचला, लवंग डाव्या गालातून उजव्या गालात सरकवली आणि विचारलं, "ताई, हितं श्वास कुठं घ्यायचा?"

"स्वल्पविराम दिलाय की."

"स्वल्पविरामात श्वास मावत न्हाई, ताई. लय झालं तर शिंक मावती."

मग त्याने मला धंदा शिकवला. "माणूस चालता हाय. त्याला थांबवायला आपल्याकडं पाच शब्द. तुमचे पाच शब्द 'सर्व सन्माननीय ग्राहक बंधू-भगिनींनो' ह्यातच खपले. तवर गडी मोंढ्यात पोचला." त्या दिवसापासून माझ्या मजकुरातून सगळे सन्माननीय गेले, आणि गिऱ्हाइकं वाढली.

रॅपचं वेड त्याला शाळेतच लागलं. स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात कुठल्यातरी परदेशी गड्याची कॅसेट लागली होती. भास्करला त्यातलं अक्षर कळलं नाही. तरी तो उन्हात उभा राहून पूर्ण बाजू ऐकत राहिला. दुकानदाराने विचारलं, "काय समजायलंय रे तुला?" हा म्हणाला, "गडी भांडायलाय. कोणाशी ते कळंना, पण बरोबर भांडायलाय."

त्याने वर्गातल्या आमेरला हाताशी धरलं. भास्कर आपल्या बोलीत, आमेर दखनीत, असं दोघांनी सुरू केलं. गटाचं नाव 'काळी माती'. रॅप म्हणजे काय, हे सांगण्यातच तेव्हा अर्धा कार्यक्रम जायचा. एका जयंतीच्या मंचावर दोघांनी घामाघूम होऊन चार रॅप संपवले, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी आपुलकीने विचारलं, "पोरांनो, गाणं कवा चालू करनार?"

घरी याहून कठीण. भास्करचे वडील सखाराम वस्तीवस्तीवर भीमगीतं गायचे, स्वतःची पेटी वाजवत. भास्कर लहान असतानाच ते गेले. कौसाबाईंचा निकाल एका वाक्याचा होता. "तुझ्या बापाला पेटी व्हती. तुला नुसतं तोंड हाय."

ते नुसतं तोंड काय करू शकतं, हे मला एका म्हशीने दाखवलं. मानवत रोडकडच्या एका शेतकऱ्याची म्हैस हरवली. मी मजकूर लिहिला: रंग काळा, शिंगं वाकडी, कपाळावर पांढरा ठिपका. भास्करला ते रूक्ष वाटलं. त्याने रेकॉर्डिंगमध्ये तिच्या चालीवर दोन ओळी घातल्या, डोळ्यांवर दोन, आणि ती दूध द्यायची तेव्हा बादलीचा आवाज कसा यायचा यावर चार. जाहिरात तीन गावांत फिरली. चौथ्या दिवशी मालकाच्या दारात पाच म्हशी उभ्या होत्या, आणि आणणारा प्रत्येक जण शपथ घेत होता की हीच ती. मालकाची म्हैस त्या पाचांत होती. तिला बांधून तो ऑफिसात आला आणि हिरमुसून म्हणाला, "ताई, म्हैस घावली. पण तुमी सांगितली तितकी ती चांगली न्हाई."

गेल्या काही वर्षांत दिवस फिरले. परभणीत गल्लोगल्ली रॅपर झाले. मोबाईलवर बीट मिळतात, टोपी ऑनलाइन मिळते. ही पोरं भास्करला उस्ताद मानायची, आणि त्याच्याकडे यायला घाबरायचीही, कारण त्याचा एक नियम होता. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे जन्मतःच मिळते, आणि प्रत्येक नवा रॅपर पहिल्या ओळीत परभणीला जर्मनी जुळवतो. भास्करने जाहीर करून टाकलं होतं, "ज्याच्या पहिल्या ओळीत जर्मनी, त्याला माईक न्हाई. यमक बापजाद्यानं जुळवून ठेवलंय. तू काय केलंस?"

दुसरा राग टोळ्यांचा. पोरं मुंबईच्या गाण्यांची नक्कल करून गँगच्या गोष्टी सांगायची. भास्कर शांतपणे विचारायचा, "कुठं हाय रे तुझी टोळी? तुझा बाप तलाठी. तू काल माझ्यासमोर पोह्यात लिंबू पिळून घेत व्हतास." पोरगं लाल व्हायचं. मग तो त्याला जवळ बसवायचा. "त्या तलाठ्याचं लिही. घरी जाऊन बापाला शर्ट काढताना बग. त्यावर आजवर कोणी लिहिलं न्हाई."

एकदा एका कॉलेजच्या मैदानावर रॅपची लढत होती. भास्करला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो आला पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, कानाला मफलर गुंडाळून. हूडी का नाही, असं एकाने विचारलं, तर म्हणाला, "मफलर असताना टोपीचं पोतं कशाला घालू?" पोखर्णीचा एक तरणा रॅपर फॉर्मात होता. सगळ्यांना गारद करून तो पाहुण्यांकडेच वळला.

"काका, तुमची गेली वेळ, आता आमचा मेळ,
सेलमधल्या मालावाणी तुमच्या रॅपचा खेळ!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. भास्कर उठला, मफलर सैल केला आणि जाहिरातीच्या आवाजात सुरू झाला.

"लक्ष द्या, लक्ष द्या, एक लेकरू सुटलंय,
नाकाखाली शेंबूड, शर्टाचं बटन तुटलंय,
नाव पुसलं तर म्हणतंय 'मम्मीचा राजा',
लवकर या मायबाई, यानं वाजवलाय बाजा!"

मैदान कोसळलं. कारण पोखर्णीच्या नृसिंहाच्या जत्रेत हरवलेल्या लेकरांच्या घोषणा वर्षानुवर्षं भास्करच करायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. लढत संपल्यावर तो तरणा रॅपर पडेल चेहऱ्याने आला, पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मी लहानपणी जत्रेत हरवलो व्हतो. पण काका, तुमाला कसं ध्यानात ऱ्हायलं?"

"लेकरू विसरत नसतंय," भास्कर गंभीरपणे म्हणाला.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, खरंच आठवत होतं का? तो लवंग चावत म्हणाला, "न्हाई वो, ताई. पोखर्णीचा हाय म्हनला. तिथलं कोन हरवलं नसंल?"

तर असा हा माणूस एके दिवशी ऑफिसात आला आणि म्हणाला, "अल्बम करायचाय. एकट्याचा."

रिक्षा पुसत असलेला आमेर दारातूनच ओरडला, "एकट्याचा बोले तो? मैं कौन? ड्रायव्हर?"

"तू ड्रायव्हरच हायस की."

"सुनो आपा, सुनो! तीस साल से जोडी है, अन् आज मेरेकू ड्रायव्हर बोलरा!"

आमेरचा रुसवा आठवडाभर टिकला. त्या काळात तो रिक्षा मुद्दाम खड्ड्यातून न्यायचा. शेवटी भास्करने त्याला खरं कारण सांगितलं, मी तिथेच होते. "आमेऱ्या, आपण दोघं बोलतो तवा मला भ्या वाटत न्हाई. ह्यावेळी भ्या वाटलं पायजे." आमेरने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. म्हणाला, "ठीक है. लेकिन रिक्षा मेरीच."

आणि रिक्षा खरोखरच अल्बममध्ये आली. भास्करने बीट बाहेरून घेतलेच नाहीत. उभ्या रिक्षाच्या इंजिनाची धडधड, इंडिकेटरची टिकटिक, आणि मध्ये मध्ये डफ. माझ्या ऑफिसच्या मागच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत तिथे, सात गाणी रेकॉर्ड झाली.

सगळी गाणी त्याची स्वतःची होती. पहिलं वडिलांच्या पेटीवर, दुसरं पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर, तिसरं दुखणाऱ्या गुडघ्यावर. चौथं त्याच्या बायकोच्या न बोलण्यावर, जे तिला अजिबात आवडलं नाही, आणि ते तिने न बोलता सांगितलं.

अल्बम आधी मोबाईलवर टाकायचा, असं मी सुचवलं. त्याने साफ नकार दिला. "मोबाईलवर मानूस मला अंगठ्यानं बंद करतो. रिक्षा बंद करून दाखवा म्हनावं." पहिल्यांदा सोनपेठच्या बाजारात वाजवायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. बसस्थानक ते बाजार या रस्त्यात आधी शाळा लागते, मग दवाखाना. दोन्हींसमोर कर्णा बंद ठेवायचा, हा आमचा पाळलेला नियम. म्हणून त्याने गाणीच रस्त्याच्या मापाने कापली. पहिलं गाणं शाळेच्या फाटकाशी ओळ अर्धी सोडून थांबतं, कारण फाटक तिथेच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर बसला. असा बसत नसे. म्हणाला, "ताई, मी उद्या मेलो तर लोक काय म्हनतील? सेलवाला गेला. वीस वर्ष ह्या आवाजानं दुसऱ्याचं सांगितलं. एक बार माझं सांगून बगतो. सोनपेठात माय हाय, माझी मानसं हायत. त्यांनी ऐकलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई ऐकलं, तर ती फाईल पुसून टाका. कुठं पाठवू नका."

मी हो म्हणाले. आणि फाईल तीन ठिकाणी जपून ठेवली.

तर दहा डिसेंबर. रिक्षा बसस्थानकापासून निघाली. इंजिनाची धडधड कर्ण्यातून घुमली आणि भास्करचा आवाज आला.

"बाप माझा निघायचा, डोक्यावर पेटी,
रानातली वाट, आन् अंधाराशी भेटी..."

लोक थांबले. पाच शब्दांतच थांबले. भास्कर मागच्या सीटवर मफलर आवळून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मग एक धोतरवाले बाबा रिक्षाजवळ आले. वाकून म्हणाले, "आमच्या भजनी मंडळाला पेटी पायजे. केवढ्याला हाय?"

"विकायला न्हाई, बाबा," भास्कर म्हणाला.

"मंग सांगायलाव कशाला?"

शाळा मागे पडल्यावर दुसरं गाणं लागलं, पांढऱ्या केसांचं. दोन तरणे पुढे झाले आणि लाजत विचारू लागले की काळा रंग कुठल्या दुकानात मिळायलाय. दवाखाना ओलांडून बाजारात शिरलो, तेव्हा तिसरं, गुडघ्याचं. ते संपायच्या आत चार म्हाताऱ्या रिक्षाला धरून उभ्या. "शिबिर कुठं हाय? नाव कोन लिहून घ्यायलंय?" त्यांतली एक माझ्याकडे वळली, कारण माझ्या हातात पेन होता. "बाई, माझं लिवा. दोन्ही गुडघे."

आमेरला राहवलं नाही. "हौ आजी, अगले बाजारकू! येताना गुडघे लेके आना!"

"आमेऱ्या!" भास्कर ओरडला. हसू कोणालाच आवरेना. भास्कर मात्र हसत नव्हता. त्याने गाणं बंद केलं, माईक घेतला, रिक्षातून उतरला आणि बीटशिवाय, नुसत्या आवाजात म्हणाला, "ऐका. सेल न्हाई. शिबिर न्हाई. मी भास्कर साळवे, सखारामचा पोरगा. हे माझं हाय. माझ्या घरचं हाय."

बाजार त्याच्याकडे पाहत राहिला. पाचसहा जण आणखी जवळ आले, आता खरा सेल सांगेल या आशेने. मग एकेक पांगू लागला. भास्करने माईक माझ्या हातात दिला. "ताई, पुसा ती फाईल."

तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. त्याला कर्ण्याची गरज नव्हती.

"डोक्यावर न्हाई!"

कौसाबाई उभ्या राहिल्या होत्या. एका हातात तराजू तसाच. रिक्षामागोमाग बाजारापर्यंत आलेल्या भजनी मंडळाच्या बाबांना त्यांनी बाजूला केलं. "आवो, पेटी इकायला न्हाई, तो त्याच्या बापाचं सांगायलाय. गप ऐका की." मग लेकाकडे वळून, "आन् तू. खोटं कामून सांगायलास? पेटी खांद्यावर व्हती त्याच्या. डोक्यावर गठुडं व्हतं, ते माझ्या. तू त्या गठुड्यावर झोपायचास, तुला काय ठावं?"

"माय, तू बी जायचीस?"

"म्हंजे? कंदील कोन धरायचं? झील कोन धरायचं?" झील म्हणजे गाणाऱ्याच्या मागून धरलेला सूर. "अंधाराशी भेटी म्हनं! अंधार कुठला? कंदील घेऊन मी फुडं असायचे की!"

आता पांगलेले परत येऊ लागले. धोतरवाले बाबा म्हणाले, "खरं हाय. सखारामच्या संगं एक बाई असायची. आवाज बारीक, पण सुटायचा न्हाई." कोणीतरी म्हणालं, लावा की पुन्हा ते. आमेरने विचारलंच नाही, लावलं. बाजाराने पहिलं गाणं दुसऱ्यांदा ऐकलं, आणि या वेळी कोणी भाव विचारला नाही. 'डोक्यावर' आलं की कौसाबाई तराजू वर करून "खांद्यावर!" ओरडायच्या, आणि तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा त्यांच्याबरोबर मिरच्या घ्यायला आलेल्या बायाही ओरडल्या.

भास्कर रिक्षाच्या मडगार्डला टेकून उभा होता. आमेर त्याच्या कानाशी म्हणाला, "सोलो सोलो करता था ना? ले. अम्मा भी घुसी."

मी फाईल पुसली नाही. त्यानेही पुन्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो अल्बम मोबाईलवर गेला. मग पुण्याच्या दोन हुशार मुलांनी त्याला त्यांच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात बोलावलं, आमेर आणि मीही गेलो. त्यांनी मनापासून सांगितलं की मराठी हिप-हॉपमध्ये हा अल्बम वेगळा उभा आहे, की इथे कोणी गुंड होण्याचं नाटक करत नाही, की रिक्षाच्या इंजिनावर कोणी गुडघेदुखी गाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते खरंच होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "पहिलं गाणं ओळ अर्धी सोडून तुटतं. ती शांतता कशासाठी?"

"शाळेसाठी," भास्कर म्हणाला.

"वा! म्हणजे शिक्षणव्यवस्थेवर..."

आमेर पाणी पीत होता. ते पाणी मुलांच्या माईकवर गेलं.

इथल्या पोरांवर मात्र त्याचा खरा परिणाम दिसतो. त्या तलाठ्याच्या मुलाने बापाच्या शर्टावर गाणं केलंय. एकाने आईच्या शिवणयंत्रावर बीट बसवलाय. जर्मनी पूर्ण गेली नाही, पण आता निदान तिसऱ्या ओळीत येते.

माझं नुकसान झालं, ते सांगितलं पाहिजे. भास्करने जाहिराती सोडल्या. म्हणाला, "ताई, एका आवाजात दोन्ही ठिवलं तर लोक परत गुडघे घेऊन येतील." तो सोनपेठला राहायला गेला. पोरांना शिकवतो, आईच्या मिरच्या परभणीला पोचवतो. जाहिराती आता आमेर बोलतो. म्हशी सापडतात, पण एका वेळी एकच.

पहिलं गाणं दुरुस्त करायचं ठरलं. 'डोक्यावर'च्या जागी 'खांद्यावर', मग एक कडवं कंदिलाचं, आणि मागे झील स्वतः कौसाबाईंची. त्यासाठी माय-लेक दर पंधरवड्याला ऑफिसात येतात. गेल्या गुरुवारीही आले. काचेतून मी पाहत होते. कौसाबाईंच्या डोक्यावर पदरावरून हेडफोन, समोर माईक, आणि शेजारी भास्कर वही घेऊन जमिनीवर बसलेला. त्याने बोटाने खूण केली. त्यांनी तोंड उघडलं, आणि सुराच्या जागी म्हणाल्या, "थांब. तू लिवलेलं ते गाव आधी न्हाई यायचं. आधी नदी लागायची. चपला हातात घ्याव्या लागायच्या. ते घातलंस का?"

भास्करने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि लिहू लागला.

झील अजून रेकॉर्ड व्हायची आहे.